चौदावा महिना

डॉक्टर बेनेडेट्टी फोटो उजेडाला धरतो.
हाडात पांढरीशुभ्र खुंटी, वर तिची वाटी,
केसाचाही फरक नाही.
"सुंदर बसलाय," म्हणतो,
शिंपी बाहीबद्दल म्हणतो तसं,
आत हात आहे हे विसरून.

मी मान हलवते. सुंदर आहेच.
दुखतं ते फोटोत येत नाही,
आणि पिशवीतून काढून
त्याच्या टेबलावर ठेवताही येत नाही.

बत्तीस वर्षं मी त्रिएस्तेच्या बंदरावर कॉफी निवडली.
पट्ट्यावरून बिया यायच्या:
फुटक्या, काळ्या, किडक्या,
आणि एक जात अशी की दिसायला टवटवीत,
पण एकच बी सगळा घाणा नासवते.
ती डोळ्यांना सापडत नाही. नाकाला सापडते.
त्याला सांगावंसं वाटतं, डॉक्टर,
तुम्ही नुसत्या डोळ्यांनी निवडताय.
नाही सांगत. बाहेर रांग आहे.

अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच.
जावई मात्र डॉक्टर नाही, टायर बदलतो.
"जुना काढला, नवा बसवला,
आता कसला आवाज, ओंदिना?"
मुलगी त्याला टेबलाखालून लाथ मारते.
तिचे पाय चांगले आहेत.

व्यायाम शिकवणारी झोर्का तेवढी विचारते,
दहापैकी किती?
चार, मी म्हणते.
पण पहाटे तीनचा चार
आणि बाजारातला चार
एका वजनाचे नसतात, हे कुठल्या रकान्यात लिहू?
झोर्का पेन खाली ठेवते.
"शून्य कदाचित येणारच नाही," म्हणते.
चौदा महिन्यांत मला कुणी
इतकं खरं बोललं नव्हतं.
त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले,
रागाने.

आणि तो लीबेरो, खालच्या मजल्यावरचा.
त्याच आठवड्यात, त्याच डॉक्टरकडून, तोच सांधा.
आता डोंगरात जातो, मशरूम आणतो,
कुठला पाय कापला होता ते आठवावं लागतं त्याला.
जिन्यात भेटला की मी हसते.
ते हसू दहापैकी सहा.

परवा बोरा सुटला.
दर हिवाळ्यात सुटतो, डोंगरावरून थेट समुद्रात,
वाटेत शहर आहे याची त्याला पर्वा नाही.
आई सांगायची, पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधायचे,
लोकांना धरायला.
आता खांब धरतात, नाहीतर अनोळखी माणूस.

मी पावाला निघाले होते.
आणि बघते तर काय,
सगळा रस्ता माझ्यासारखा चालतोय.
वकील भिंतीला चिकटून,
कॉलेजातली पोरं पाय फाकवून, पाऊल टाकण्याआधी विचार करत.
झोत आला की थांबायचं, धरायचं,
श्वास पोटात ठेवायचा.
गेला की चार पावलं. पाचवं नाही.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
मी सगळ्यांच्या पुढे होते.

कोपऱ्यावर लीबेरो,
दोन्ही हातांनी दिव्याचा खांब कवटाळून.
त्याची टोपी सुटली, घरंगळत आली,
आणि मी काठी टेकली
नेमकी तिच्यावर.
तो काहीतरी ओरडला. वाऱ्याने ते पळवलं.

रात्री खिडक्या खडखडतायत.
गुडघ्यांमध्ये उशी, पाठीशी दुसरी,
कुशीवर वळायचं तर आधी मनात वळायचं,
मग कंबर, मग तो परका पाय, मालवाहू जहाजासारखा, सावकाश.
दुखतंय. चार. नाही, साडेचार.
वाऱ्याला कुणी विचारत नाही
तू अजून का वाहतोस.

टोपी दाराशी खुंटीला आहे.
देईन परत.
त्याला तीन मजले चढून येऊ दे.